जीवखड्याची साक्ष

लासूर स्टेशनच्या आसपास घरातले माणूस गेले की दहाव्याला बहुधा गंगेवर जायचे ठरते. गंगा म्हणजे गोदावरी. कुणी कायगाव टोक्याला प्रवरासंगमावर जाते, कुणी पैठण गाठते. अस्थी सोडणे, केस काढणे, भाताचे पिंड, कावळ्याची वाट पाहणे, हे सगळे महाराष्ट्रात इतरत्र होते तसेच येथेही. या विधीत एक लहानशी वस्तू असते, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडायचे, तो दगड टाकून देत नाहीत. त्याला पोथीत अश्मा म्हणतात, बोलण्यात जीवखडा. दहा दिवस तो सांभाळायचा, त्यावर तिळाचे पाणी सोडायचे आणि दहाव्याची क्रिया उरकली की नदीत सोडायचा. देह जळून गेला, अस्थी मडक्यात आल्या. गेलेल्या माणसाला टेकायला काही हवे म्हणून हा खडा. याच दहा दिवसांच्या पिंडांचा अर्थ गरुडपुराणाच्या प्रेतखंडात सांगितला आहे. पहिल्या पिंडाने डोके तयार होते, दुसऱ्याने मान आणि खांदे, मग छाती, पाठ, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पावले, आणि दहाव्या पिंडाने भूक व तहान. असा हातभर उंचीचा नवा देह मिळाल्यावरच मेलेला माणूस पुढच्या वाटेला लागतो.

मेंदू नसताना जाणीव असू शकते का, हा प्रश्न हल्ली इस्पितळांच्या अतिदक्षता विभागात आणि प्रयोगशाळांत विचारला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याला या मुलखात दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि हा इतिहास नेहमी एकाच बाजूने सांगितला जातो: आपल्या पूर्वजांना देहापलीकडची चेतना ठाऊक होती, विज्ञान तिथे आता कुठे पोचते आहे. लासूरपासून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या टापूतल्या प्रथा नीट पाहिल्या तर वेगळेच दिसते. सिद्धांताने देहाविना जाणीव कितीही ठामपणे मांडलेली असो, प्रथेने तिला देहाविना एक दिवसही ठेवलेले नाही. देह गेला की लगेच दुसरा देह, आणि तो मिळेपर्यंत निदान एक दगड. मृत्यूशी ज्यांची रोजची गाठ होती त्या माणसांनी पिढ्यानपिढ्या घडवलेली ही साक्ष आहे. ग्रंथातल्या विधानांपेक्षा मी तिला कमी लेखत नाही.

हा टापू या प्रश्नासाठी विलक्षण आहे. शिवना नदीकाठचे लासूर हे दाक्षायणी देवीचे गाव. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे आली आणि गावाला स्टेशन हे दुसरे नाव जडले. ईशान्येला डोंगरात वेरूळची लेणी, त्यांच्या शेजारी खुलताबादचे दर्गे, पुढे देवगिरीचा किल्ला. दक्षिणेला गोदावरी, तिच्यावर पुणतांबे, पैठण, आपेगाव, आणि नदी ओलांडली की नेवासे. दाक्षायणी म्हणजे दक्षाची मुलगी सती. बापाच्या यज्ञात तिने देह टाकला, ती पुन्हा पार्वती होऊन आली, ही कथा सर्वांना माहीत आहे. म्हणजे देवी देहावर अवलंबून नाही. पण तिची पीठे कुठे झाली? शंकर ते कलेवर खांद्यावर घेऊन फिरत असताना जिथे जिथे तिचे अवयव गळून पडले, तिथे. पूजेला जागा मिळाली ती टाकलेल्या देहाच्या तुकड्यांमुळे.

वेरूळला एकाच डोंगरात तीन उत्तरे कोरलेली आहेत. पहिली बारा लेणी बौद्धांची, साधारण सहाव्या-सातव्या शतकापासूनची. मग कैलासासह हिंदू लेणी, आणि उत्तरेच्या टोकाला जैनांची. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तिन्ही पंथांचा एक सामाईक प्रतिवादी होता, चार्वाक. त्याचे म्हणणे आजच्या मेंदूशास्त्राच्या फार जवळचे आहे: धान्य आणि गूळ यांत नशा नसते, पण ते आंबवले की नशा येते, तशीच चार भूतांच्या विशिष्ट जुळणीतून जाणीव येते आणि जुळणी मोडली की जाते. चार्वाकाचे लेणे कुठे नाही, त्याचे ग्रंथही प्रतिपक्षाच्या खंडनातूनच आपल्यापर्यंत आले. तरी तिन्ही पंथांनी त्याला जे उत्तर दिले त्यात देहाला किती जागा ठेवली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

जैनांचे उत्तर सर्वांत स्पष्ट. जीव हे स्वतंत्र द्रव्य आहे, पण तो देहाएवढा असतो; मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. एक जन्म संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या क्षणातही त्याच्यासोबत कर्माचे सूक्ष्म शरीर असतेच. आणि मोक्ष मिळून सगळी शरीरे सुटल्यावरसुद्धा सिद्धांचा आकार शेवटच्या देहासारखाच, त्याहून किंचित कमी, राहतो. बत्तिसाव्या लेण्यात बाहुबलीची मूर्ती आहे. तो सरळ उभा आहे, हात मांड्यांच्या बाजूंनी खाली सोडलेले, आणि पायांवरून, मांड्यांवरून वेली चढून दंडांपर्यंत गेल्या आहेत. या उभे राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात, म्हणजे देहाचा त्याग. शिल्पकाराने त्याग दाखवला तो देह अधिक ठळक करून, कारण वेल चढायला काहीतरी उभे असावे लागते. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. देहावरची आसक्ती सुटणे आणि देहावाचून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो शिल्पकार पहिलीबद्दल बोलतो आहे.

बौद्धांचे उत्तर अधिक अवघड, आणि माझ्या म्हणण्याला खरी अडचण येथेच आहे. त्यांना आत्मा मान्य नाही, पण विज्ञानाचा, म्हणजे जाणिवेचा, प्रवाह एका जन्मातून दुसऱ्यात जातो हे मान्य आहे. आणि त्यांच्या विश्वरचनेत अरूप नावाचे लोक आहेत, जिथल्या सत्त्वांना चित्त आहे पण रूप, म्हणजे भौतिक देह, नाही. देहाविना जाणिवेचे इतके उघड विधान दुसरीकडे क्वचितच सापडेल. तरी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. हे लोक ज्या ध्यानावस्थांवरून कल्पिले, त्या ध्यानावस्था जिवंत भिक्षू आसनावर बसून, श्वास चालू असताना अनुभवत होते. शिवाय प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे एकाच्या आधाराने दुसरे उद्भवण्याच्या त्यांच्या सिद्धांतात, विज्ञान आणि नामरूप एकमेकांच्या आधाराने उभे असल्याचे सांगितले आहे. एक काढले की दुसरे पडते. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात भिक्षू प्रदक्षिणा घालत ती स्तूपाला, आणि स्तूपाचा उगम शरीरधातूंवर, म्हणजे अस्थींवर, उभारलेल्या ढिगाऱ्यात आहे. अरूप लोकांतल्या सत्त्वांसाठी कुणी चैत्य कोरला नाही.

आता तेराव्या शतकात येऊ. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ लीळाचरित्र, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या शिष्यांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केलेला. कुणाची आठवण काय सांगते, पाठ कुठे वेगळा पडतो, याची फिकीर या परंपरेने केली, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट आहे. पैठण, वेरूळ, गोदाकाठ ही चक्रधरांच्या वावराचीच भूमी. त्यांच्या चरित्राचा आरंभ मात्र गुजरातेत, भडोचला, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी मध्यावरचा आहे. प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव तरुणपणी वारतो; त्याच वेळी द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देह ठेवलेला असतो; स्मशानात नेलेला हरिपाळदेव उठून बसतो, पण आत आता चांगदेव राउळ असतात. याला परकायाप्रवेश म्हणतात. जाणीव देहातून निघून स्वतंत्र राहू शकते याचा दाखला म्हणून ही कथा सांगतात. माझे वाचन उलट आहे. त्या चेतनेला काम करायचे होते म्हणून तिला देह लागला, आणि देह लागला म्हणून त्या देहाची नातीही लागली. हरिपाळदेवाचा बाप, बायको कमळाइसा, घरदार, सगळे तिच्या वाट्याला आले. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते सोडून बाहेर पडावे लागले. शंकराचार्यांच्या चरित्रग्रंथांत ते अमरू राजाच्या देहात शिरतात तेव्हा शिष्य त्यांचा मूळ देह गुहेत राखत बसतात. सगळ्या परकायाप्रवेशाच्या कथा अशाच. एकीतही कुणी देहाविना चार दिवस राहून परत येऊन तिथली हकीकत सांगत नाही.

समाधीची प्रथा याहून खोल आहे. संन्यासी आधीच स्वतःचे श्राद्ध करून, अग्नी सोडून घराबाहेर पडलेला असतो, म्हणून त्याला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात, आणि पुरण्यापूर्वी शंखाने किंवा नारळाने टाळू फोडतात. गृहस्थाच्या चितेवर कवटी फुटते तिला कपालक्रिया म्हणतात, तिचाही अर्थ तोच: प्राण ब्रह्मरंध्रातून वर गेला पाहिजे. येथे घाई करून मेंदूचे महत्त्व आपल्या लोकांनी ओळखले होते असा निष्कर्ष काढू नये. चरकाने चेतनेचे स्थान हृदयात सांगितले आहे; भेलसंहितेत मन डोके आणि टाळू यांच्यामध्ये असल्याचे म्हटले आहे; म्हणजे वैद्यांतच एकमत नव्हते. पण चेतनेला देहात ठरावीक जागा आहे, बाहेर पडायला ठरावीक दार आहे, आणि ते दार हाताने उघडावे लागते, एवढे मात्र विधी करणारे सगळे धरून चालले होते.

सजीवन समाधी म्हणजे याच प्रथेचे सर्वोच्च रूप. ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण केली आणि १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला समाधी घेतली. योगबळाने चौदाशे वर्षे देह टिकवला अशी ज्यांची ख्याती, त्या दुसऱ्या चांगदेवांची समाधी पुणतांब्याला गोदाकाठी आहे. देवगिरीचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी किल्ल्यावरच आहे, आणि एकनाथांनी १५९९ मध्ये पैठणला गोदावरीत देह ठेवला. आळंदीची समाधी सजीवन आहे म्हणजे आत माउली अजून जाणिवेने बसलेले आहेत, ही वारकऱ्याची श्रद्धा. या श्रद्धेतली सर्वांत बोलकी कथा एकनाथांची आहे. त्यांचा घसा दुखू लागला, स्वप्नात ज्ञानेश्वर आले आणि म्हणाले की अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. एकनाथ आळंदीला गेले, समाधीत उतरले, मुळी काढली. आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, सिद्ध केली. ही कथा मला नेहमीच थक्क करते. जो ब्रह्मरूप झाला, अवघ्या विश्वाशी एक झाला, त्याच्या गळ्याला मुळी टोचते. कथा रचणाऱ्या भक्ताला ज्ञानेश्वरांचे ब्रह्मरूप होणे नक्कीच ठाऊक होते. पण ते अजून आहेत हे सांगताना त्याला त्यांचा गळा सांगावा लागला, आणि तो गळा मोकळा करायला दुसऱ्या जित्या माणसाचा हात.

खुलताबादचे उदाहरण थोडक्यात पुरे. सूफी संत मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष १३०९ मध्ये आणि त्यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये तिथे वारले. वलीचे, म्हणजे अशा संताचे, मरण म्हणजे ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथी हा उरूस. पीर कबरीत जागा आहे, हाक ऐकतो. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला, पण त्याच्या इच्छेनुसार त्याला खुलताबादला झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आणून पुरले. पिराची कृपा सर्वत्र पोचत असती तर मेलेल्या बादशहाला इतका प्रवास करायचे कारण नव्हते. देहाजवळ देह न्यावा लागला.

आणि आजही चालू असलेली गोष्ट म्हणजे अंगात येणे. नवरात्रात, यात्रेत, आरतीच्या वेळी संबळ वाजू लागला की एखादी बाई घुमू लागते, केस सुटतात, आवाज बदलतो, आणि माणसे तिला देवी समजून कौल विचारतात. अंगात ज्याच्या येते त्याला झाड म्हणतात. यात ढोंग किती, आजार किती, दबलेल्या बाईला बोलायला मिळालेली एकमेव जागा किती, हे प्रकरणागणिक पाहावे लागते. सरसकट ढोंग म्हणून हिणवणे मला मान्य नाही. पण त्याच्या नावाखाली भीती घालून पैसे उकळणे आणि माणसे छळणे हा २०१३ च्या महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे, आणि तो कायदा नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतरच येऊ शकला हे विसरता येत नाही. आपल्या मुद्द्यापुरते एवढेच पाहायचे की देवी कुठल्या भाषेत बोलते. ती झाडाच्या भाषेत बोलते, त्याच गावच्या मराठीत, त्याच बाईला ठाऊक असलेली नाती, भांडणे, नवस धरून. बाहेरून कुणी आले असेल तर ते बाईच्या मेंदूत जे आहे तेवढेच घेऊन बोलते.

याला अपवाद म्हणून नागपूरचे एक प्रकरण पुढे केले जाते. १९७४ मध्ये तिथल्या एका सुशिक्षित मराठी बाईंच्या ठायी शारदा नावाची, स्वतःला जुन्या काळची बंगाली स्त्री म्हणवणारी व्यक्ती प्रकट होऊ लागली. त्या अवस्थेत त्या बंगाली बोलत, मराठी त्यांना कळत नसे. व. वि. अकोलकर यांनी आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हनसन यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि तो अभ्यास प्रामाणिक होता. पण त्या बाईंनी पूर्वी बंगाली वाचायचे थोडे शिक्षण घेतल्याचे याच अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्या तेवढ्याशा शिक्षणातून इतके बोलणे येईल का, यावर वाद झाला आणि तो मिटलेला नाही. प्रकरण अस्सल मानले तरी शारदेला बोलायला एका जित्या बाईचा मेंदू लागला, आणि तो मेंदू त्या भाषेला अगदीच अनोळखी नव्हता.

येथे शास्त्री मंडळींचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रथा अज्ञ जनांसाठी असते, अधिकारभेदाने सांगितलेली. ज्ञान्याला पिंड, समाधी, मीठ यांपैकी कशाचीच गरज नाही. मग प्रथेवरून सिद्धांत का तपासायचा? पण श्राद्धाचे शास्त्र अज्ञांनी लिहिलेले नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याने याच देवगिरीला बसून चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ रचला आणि त्यात श्राद्धाचा कल्प तपशीलवार दिला. आणि सिद्धांत तरी प्रथेपासून दूर कुठे आहे? ब्रह्मसूत्रांचा तिसरा अध्याय याच प्रश्नाने सुरू होतो: जीव एका देहातून दुसऱ्यात जाताना एकटा जातो की सूक्ष्म भूतांनी वेढलेला? उत्तर दिले आहे, वेढलेला. आपल्या संतांच्या बोलण्यातले स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण हे चार देह, ज्यांची चर्चा जांबेच्या रामदासांनीही केली, तेही हेच सांगतात. वासना टिकते ती लिंगदेहाच्या, म्हणजे सूक्ष्म देहाच्या, आधाराने. म्हणजे संसारी जीवाला निराधार सोडायला वेदान्तही तयार नाही. फक्त त्याने मेंदूपेक्षा सूक्ष्म असे दुसरे शरीर कल्पिले. त्या सूक्ष्म शरीराचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागेल, आणि तो आजवर मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप इस्पितळांतून येतो. हृदय बंद पडून वाचलेल्या काहींना त्या वेळचे अनुभव आठवतात: शांतता, प्रकाश, स्वतःचा देह वरून दिसणे. पिम फान लोमेल यांनी २००१ मध्ये हॉलंडमधल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६२ जणांनी असे अनुभव सांगितले. हे अनुभव खोटे नाहीत, आणि ज्यांना आले त्यांचे आयुष्य बदलून गेले. पण अनुभव नेमका कोणत्या क्षणी आला, मेंदू बंद असताना की बंद पडताना किंवा पुन्हा सुरू होताना, हेच तर ठरवायचे आहे. सॅम पर्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात २,०६० हृदयबंदच्या घटना नोंदल्या होत्या, आणि वरून पाहणाऱ्यालाच दिसतील अशी चित्रे काही खोल्यांत फळ्यांवर ठेवली होती. एका रुग्णाने त्या वेळच्या घडामोडी बऱ्याच अचूक सांगितल्या. चित्र कुणालाच दिसले नाही. मात्र बहुतेक घटना फळी नसलेल्या खोल्यांत घडल्या होत्या, म्हणून या प्रयोगाने प्रश्न मिटला असे म्हणणेही अन्यायाचे होईल. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेल्या अहवालात, श्वसनयंत्र काढल्यावर चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत तीव्र गॅमा लहरींचा उफाळा नोंदला गेला. मरणारा मेंदू लगेच गप्प होतो ही समजूत त्यामुळे ढिली झाली आहे.

समाधीचीही तपासणी झालेली आहे, आणि त्यात अभिमान वाटावा असे काम महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामने केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली ती योग मोजमापाच्या कसाला लावण्यासाठी. तिथल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांचा अभ्यास करून १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी १९६१ मध्ये दिल्लीत रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून तपासले, तेव्हा त्यांचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या गरजेच्याही खाली गेला होता. ही योगाची खरी सिद्धी आहे आणि ती देहाची सिद्धी आहे: देह इतक्या कमीत चालवता येतो. तिबेटी भिक्षू मृत्यूनंतर काही दिवस ध्यानात असतात आणि देह तोवर सडत नाही, या परंपरेचीही तपासणी झाली. २०२१ च्या अहवालानुसार त्या देहांत मेंदूचे विद्युत्-स्पंदन आढळले नाही. श्रद्धाळू म्हणेल, मग मेंदूविना ध्यान सिद्ध झाले. पण ध्यान चालू होते याची स्वतंत्र खूण कोणती? देह न सडणे ही देहाची खूण आहे, जाणिवेची नव्हे.

उरतो तो सर्वांत चांगला आक्षेप. विल्यम जेम्स यांनी १८९७ मध्ये हार्वर्डला मांडला: मेंदू बिघडला की जाणीव बिघडते, एवढ्यावरून मेंदू ती निर्माण करतो असे सिद्ध होत नाही, कदाचित तो ती फक्त वाहून आणतो. तर्काने हे खोडता येत नाही. पण हा मार्ग शेवटपर्यंत चालून पाहावा. १९५३ मध्ये अमेरिकेत अपस्मारासाठी हेन्री मोलायसन यांच्या मेंदूचा काही भाग काढला, आणि त्यानंतर त्यांना नव्या घटनांची आठवण राहीनाशी झाली. अर्धांगाने भाषा जाते, वार्धक्यातल्या विस्मृतीने लेकरांची ओळख जाते, कपाळामागच्या इजेने स्वभाव पालटतो. यातले सगळे मेंदूच्या खात्यावर टाकले, तर वाहून आणलेल्या त्या शुद्ध चेतनेत काय उरते? नाव उरत नाही, आठवण नाही, भाषा नाही, आई-लेकराचे नाते नाही. जे उरेल ते माझेही नसेल आणि तुमचेही नसेल.

आणि असे काही आहे, असे म्हणणारा विचारवंत आपल्याकडे होऊन गेलेला आहे. अमृतानुभवात ज्ञानेश्वर जगाला चैतन्याचाच विलास म्हणतात. तिथे चेतना मेंदूच्या बाहेर जाऊ शकते का, हा प्रश्नच उरत नाही. मेंदू, देह, दगड, नदी हे सगळे चेतनेत आहे, आणि जायला बाहेर अशी जागाच नाही. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा या विचाराशी जुळते: जे सगळीकडेच आहे त्याला पंडिताचेच तोंड लागते असे नाही. या मताचे खंडन कोणताही विद्युत्-आलेख करू शकणार नाही, आणि समर्थनही करू शकणार नाही. ते कशाचेच भाकीत करत नाही. मला ते आदरणीय वाटते. पण त्याच्या नावावर परलोकीच्या भेटी आणि गेलेल्यांचे निरोप खपवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या मतात निरोप पाठवणारा कुणी वेगळा उरतच नाही. आळंदीच्या समाधीत बसून राहायची गरज अमृतानुभवाला नाही. ती गरज ज्यांना माउली हवी होती त्यांची होती. कायगावला खडा नदीत सोडणारा मुलगाही चैतन्याच्या विलासाला पाणी देत नसतो. त्याला आपला बाप हवा असतो, नावानिशी, तहान लागणारा. दहा पिंडांनी त्याच्यासाठी डोक्यापासून तहानेपर्यंत सगळे बांधायचे, हे ज्यांनी ठरवले त्यांना देहाविना बाप म्हणजे काय याची कल्पना करता आली नाही, आणि आजवरच्या पुराव्यावरून पाहता ती आपल्यालाही करता येत नाही.